सायफाय मालिका, थिअऱ्या आणि ठाणे-वाशी लोकल : नवीन मेंबरांसाठी

सकाळी ठाण्याच्या दहा नंबरवर उभं राहून आम्ही चौघं सायफाय म्हणजे विज्ञानकथांच्या मालिकांवर, पुढे काय होणार याच्या थिअऱ्या मांडत जी बडबड करत असतो ती ऐकून ऐकून ग्रुपमधल्या एकाच्या धाकट्या बहिणीने परवा विचारलं, दादा तुम्ही रोज कसल्या थिअऱ्या मांडत असता, मला पण यायचंय यात पण मी आत्तापर्यंत एकही सायफाय मालिका धड बघितलेली नाही, सुरुवात कुठून करू? ती नुकतीच रबाळ्याला नोकरीला लागलीये. दिघा गेलं, ऐरोली गेलं, मी बोलतच होतो, आणि रबाळ्याला ती उतरून गेली तेव्हा माझी प्रस्तावनाच चालू होती. म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच काढू, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हे हातात देता येईल.

आधीच सांगतो, यात स्पॉयलर आहेत, म्हणजे गोष्टींतली गुपितं आधीच फुटतील. नवीन माणसाला शिकवायचं तर उदाहरणं द्यावी लागतात आणि उदाहरण म्हटलं की काही ना काही फुटतंच. जिथे मोठा स्पॉयलर आहे तिथे आधी ओरडेन, तेवढा पॅरा उडी मारून पुढे जा.

सुरुवात कुठून करायची

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदम पहिल्यापासून बघायचं ठरवणं. डॉक्टर हू २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, स्टार ट्रेक ८ सप्टेंबर १९६६ ला, आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची सवय असलेले आपण मराठी लोक तिथूनच सुरू करतो, चौथ्या भागात झोप लागते आणि मग आयुष्यभर सांगत फिरतो की सायफाय आपल्याला झेपत नाही. असं करू नका. डॉक्टर हू बघायची तर २००५ पासूनची नवी बघा, आणि तेवढाही धीर नसेल तर २००७ चा ब्लिंक नावाचा एकच भाग बघा, दगडी पुतळ्यांचा, त्याला आधीचं काही माहीत असावं लागत नाही आणि तो बघितल्यावर तलावपाळीवरून रात्री घरी येताना पुतळ्यांकडे पाठ करायला तुम्ही नक्की कचराल.

प्रवासात बघणार असाल तर वेळ मोजा. ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास. द ट्वायलाइट झोन नावाची १९५९ ते १९६४ ची जुनी मालिका आहे, १५६ भाग, चौथा सीझन सोडला तर प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, म्हणजे ठाण्याला लावला की सानपाड्यापर्यंत शेवटचा झटका बसलेला असतो. काळी-पांढरी आहे म्हणून नाक मुरडू नका. आज ब्लॅक मिरर या मालिकेत जे बघून आपण हादरतो त्यातलं निम्मं तिथे आधी होऊन गेलंय. आणि हो, ब्लॅक मिररचा पहिलाच भाग लोकलमध्ये उघडू नका. का ते विचारू नका. शेजारचे काका तुमच्या मोबाईलमध्ये बघतच असतात आणि त्यानंतर ते तुमच्याशी कधी बोलणार नाहीत. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी आहे, कुठलाही दुसरा भाग आधी बघितलात तरी बिघडत नाही.

लांबलचक गोष्ट हवी असेल तर डार्क किंवा सेव्हरन्स, या दोनपैकी एक. बाकीच्यांकडे नंतर या. डार्क जर्मन आहे, ती जर्मनमध्येच बघा, खाली सबटायटल लावून. इंग्रजी डबिंगमध्ये ती मला मेल्यासारखी वाटली होती.

एक बारीकशी गोष्ट. काही मालिका चॅनेलवाल्यांनीच उलट्यासुलट्या क्रमाने दाखवलेल्या असतात. फायरफ्लाय, २००२ ची, एकूण १४ भाग, त्यातले ११ च तेव्हा दाखवले आणि पहिला भाग दाखवला सगळ्यात शेवटी! त्यामुळे जुनी मालिका काढलीत तर बनवणाऱ्यांनी ठरवलेला क्रम कुठला ते आधी शोधा.

मालिका सिडकोची आहे की घोडबंदरची?

आता मुद्द्यावर येतो, कारण माझं सगळं म्हणणं यात आहे आणि नवीन माणसं नेमकी इथेच फसतात, मीही फसलोय.

थिअरी मांडायच्या आधी स्वतःला विचारायचं की ही मालिका सिडकोची आहे की घोडबंदरची. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० साली आली, आधी कागदावर नोड म्हणजे वसाहती काढल्या, सेक्टर पाडले, रेल्वे कुठून जाणार ते ठरलं, मग माणसं आली. ठाण्याच्या घोडबंदर रोडला उलटं. आधी टॉवर, मग टॉवरमध्ये माणसं, मग लक्षात आलं की अरे यांना रस्ता पण लागेल, मग रस्ता, मग त्यावर उड्डाणपूल, मग त्या सगळ्याच्या मधोमध मेट्रोचे खांब. दोन्हीकडे माणसं मजेत राहतात, मी काही घोडबंदरला नावं ठेवत नाहीये, माझी सख्खी आत्या कासारवडवलीला राहते. पण वाशीत सेक्टर ९ सापडला तर जवळपास १० असणार एवढा अंदाज तुम्ही बांधू शकता, घोडबंदरला पुढच्या वळणावर काय असेल हे तिथल्या रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही.

सिडकोवाली मालिका म्हणजे बॅबिलॉन ५, एका अंतराळ स्थानकाची. १९९३ ला पायलट, म्हणजे चाचणीचा भाग, मग १९९४ ते १९९८ पाच सीझन, ११० भाग, आणि त्यातले ९२ एकट्या जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की या माणसाने लिहिले. पाच वर्षांची गोष्ट आधी ठरवून. अशा मालिकेत पहिल्या सीझनमधलं एखादं वाक्य तिसऱ्या सीझनमध्ये फळाला येतं, तिथे बारीकसारीक गोष्टी जपून ठेवण्यात अर्थ आहे. आणि प्लॅन होता म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका हं. पहिल्या सीझननंतर मुख्य नटच गेला. स्ट्रॅझिन्स्कीने प्रत्येक पात्रासाठी एक चोरदरवाजा आधीच ठेवला होता, की हा नट उद्या सोडून गेला तर गोष्ट कुठून बाहेर काढायची, त्यामुळे ते निभावलं आणि तिसऱ्या सीझनमध्ये त्याच नटाला परत आणून असा काही सांधा जुळवला की मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. नंतर पाचवा सीझन मिळतो की नाही अशी भीती होती म्हणून चौथ्यातच बरंच काही कोंबलं, शेवटचा भाग पण तेव्हाच शूट करून ठेवला, मग पाचवा मिळाला! म्हणून पाचवा जरा पातळ लागतो. सिडकोच्या प्लॅनमध्ये पण असं होतंच की.

घोडबंदरवाली म्हणजे लॉस्ट, विमान पडून एका बेटावर अडकलेल्या माणसांची, २००४ ते २०१०. आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका पण, जिच्या सुरुवातीला दर आठवड्याला पाटी यायची की सायलॉनांकडे, म्हणजे माणसांसारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवांकडे, एक प्लॅन आहे, आणि आम्ही येड्यासारखे तो प्लॅन शोधत बसलो. माणसांत लपलेले ते शेवटचे पाच सायलॉन कोण हे सुरुवातीला ठरलेलंच नव्हतं, लिहिता लिहिता ठरलं. मालिका भारीच आहे, अजूनही माझ्या पहिल्या तिनात आहे, पण पहिल्या सीझनमधले पुरावे गोळा करून शेवटचा सायलॉन ओळखायला बसणं म्हणजे १९९० च्या घोडबंदरच्या नकाशावरून आजचा मॉल शोधणं.

ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघतो. एक, किती सीझन हे आधी ठरलंय का. डार्कवाल्यांनी तीनच म्हटले आणि २०१७ ते २०२० मध्ये तीनात संपवली, २६ भाग, विषय संपला. लॉस्टला शेवट कधी करायचा हे २००७ मध्ये ठरलं, म्हणजे तिसऱ्या सीझनच्या शेवटाला, आणि तुम्ही सलग बघितलीत तर तिथून गोष्टीने गिअर टाकलेला तुम्हाला स्वतःला कळेल. दोन, लिहिणारे एकदोन आहेत की दर वर्षी बदलतायत. तीन, आणि हे सगळ्यात सोपं आहे, पहिल्या सीझनच्या शेवटाला तुमच्या वहीत (वहीचं पुढे सांगतो) जे प्रश्न होते त्यातले दुसऱ्याच्या शेवटाला किती सुटले ते मोजा. एकही सुटला नाही आणि नवीन बारा आले तर समजा कासारवडवली आली.

सेव्हरन्स मला ऐरोली वाटते. आहे नवी मुंबईत, पण अर्धा जीव ठाण्यात.

वही करा, खरंच करा

हसू नका. मोबाईलमध्ये केली तरी चालेल, पण तारीख टाका, कारण नंतर प्रत्येक जण म्हणतो मी तर आधीच ओळखलं होतं. पानाचे तीन रकाने करायचे : दिसलं, वाटतं, हवंय. दिसलं मध्ये फक्त पडद्यावर जे दिसलं किंवा ऐकू आलं ते. वाटतं मध्ये त्यावरून तुमचा अंदाज. आणि हवंय मध्ये तुम्हाला काय व्हावंसं वाटतं ते, की हा मरू नये, त्या दोघांचं जमावं वगैरे. नव्या माणसाच्या दहापैकी आठ थिअऱ्या खरं म्हणजे तिसऱ्या रकान्यातल्या असतात आणि दुसऱ्या रकान्याचे कपडे घालून फिरतात.

स्पॉयलर, सेव्हरन्सचा दुसरा सीझन ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढच्या पॅऱ्याला जा. ज्यांना मालिकाच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एक कंपनी आहे, तिथे डोक्यात चिप बसवून घेतली की ऑफिसातला तुम्ही आणि घरचा तुम्ही असे दोन वेगळे माणूस होतात, एकाला दुसऱ्याचं काही आठवत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी ऑफिसातली माणसं काही वेळ बाहेरच्या जगात जागी होतात. २०२५ च्या जानेवारीत दुसरा सीझन सुरू झाला, पहिल्याच भागात सगळे परत आल्यावर त्यांच्यातली हेली सांगते की बाहेर मला काही विशेष दिसलं नाही, एक माळी भेटला. रात्री. आता रात्री कुठला माळी काम करतो? माझ्या वहीत त्या दिवशी दिसलं मध्ये आहे, हेली म्हणते रात्री माळी भेटला, आणि वाटतं मध्ये, ही हेली नाही, मालकाची पोरगी हेलेना तिच्या जागी येऊन बसलीये. जगभरच्या हजारो लोकांनी हेच पकडलं होतं, माझं काही विशेष कौतुक नाही, पण चौथ्या भागात जेव्हा ते उघड झालं तेव्हा मी वही घेऊन अख्ख्या घरात फिरलो. याला थिअरी म्हणतात. एक खोटं वाक्य, त्यामागे कोणाचा तरी फायदा, आणि पुढे खरं-खोटं ठरण्याची सोय.

आता माझी पडलेली थिअरी पण सांगतो, म्हणजे वरच्या फुशारकीची भरपाई. (स्पॉयलर, लॉस्टचा शेवट फुटू द्यायचा नसेल तर हा आणि पुढचा पॅरा उडी मारा.) लॉस्टमध्ये ते आकडे होते, ४, ८, १५, १६, २३, ४२. बेरीज करा. १०८! आणि त्या भुयारात दर १०८ मिनिटांनी बटण दाबायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो, आजीच्या जपमाळेत १०८ मणी, बस्स, मला साक्षात्कारच झाला, मी महिनाभर नौपाड्याच्या कट्ट्यावर सगळ्यांचं डोकं खाल्लं की हे बेट म्हणजे जन्ममरणाचा फेरा आहे, बटण म्हणजे जप आहे, आणि प्रत्येक पात्र म्हणजे एकेक मणी. सहाव्या सीझनमध्ये कळलं की ते आकडे म्हणजे बेटाचा राखणदार व्हायच्या उमेदवारांच्या यादीतले नंबर. कोणाच्या नावापुढे कुठला नंबर, एवढंच. आज वही उघडून बघितली तर दिसलं मध्ये एकच ओळ येते, बेरीज १०८. बाकी सगळं हवंय मध्ये. घोडबंदरच्या मालिकेला मी सिडकोचा नकाशा लावून बसलो होतो.

आणि लॉस्टबद्दल अजून एक, कारण प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी हे बोलतोच, की शेवटी कळतं ते सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते. नाही हो! शेवटच्या भागात नायक जॅकचा बाप त्याला सरळ तोंडावर सांगतो की तुझ्या बाबतीत जे घडलं ते सगळं खरं होतं. बेटावरचं खरं, फक्त सहाव्या सीझनमधलं ते दुसरं आयुष्य मेल्यानंतरचं. शेवट आवडला नाही असं म्हणा, मलाही निम्माच आवडला, पण जे झालंच नाही त्याला शिव्या देऊ नका.

आतलं कारण, बाहेरचं कारण

प्रत्येक विचित्र गोष्टीला दोन उत्तरं असतात. एक गोष्टीच्या आतलं आणि एक शूटिंगच्या बाजूचं. स्टार ट्रेकमध्ये लोक चमचम होऊन ग्रहावर उतरतात, ट्रान्सपोर्टर. आतलं कारण, तेविसाव्या शतकातलं तंत्रज्ञान. बाहेरचं कारण, दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते. डॉक्टर हू मधली टार्डिस, म्हणजे नायक डॉक्टरचं काळात फिरायचं यान, निळ्या पोलीस बॉक्ससारखीच का दिसते, आत उत्तर आहे की रूप बदलायचं यंत्र बिघडलंय, बाहेर उत्तर आहे की दर वेळी नवीन सेट कोण बांधणार. आणि त्या डॉक्टरचा चेहरा बदलतो, तो मरतो आणि नवा होऊन उठतो, हे १९६६ मध्ये सुरू झालं कारण पहिला नट विल्यम हार्टनेल आजारी होता. अडचणीतून काढलेली पळवाट, आणि आज साठ वर्षं त्यावर मालिका उभी आहे.

पण अशा पळवाटा पुढे कर्ज होऊन बसतात. १९७६ च्या एका गोष्टीत कोणीतरी लिहून टाकलं की असा चेहरा बाराच वेळा बदलता येतो. तेव्हा बारा म्हणजे खूप वाटले असतील! २०१३ मध्ये कोटा संपला, मग त्याला नवीन कोटा मंजूर करून घ्यावा लागला, अगदी रेशनकार्डासारखा. अशा नंतरच्या सारवासारवीला रेटकॉन म्हणतात, शब्द लक्षात ठेवा, दर दुसऱ्या वाक्यात येईल. आणि अधिकृत गोष्टीत जे आहे ते कॅनन, तुम्ही मनाशी धरलेलं ते हेडकॅनन.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांचं कपाळ. १९६७ ला हे क्लिंगॉन पहिल्यांदा आले तेव्हा साधी माणसंच होती, जरा काळसर मेकअप आणि मिशा. १९७९ च्या सिनेमाला पैसे आले आणि अचानक त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या उगवल्या. का? बाहेरचं उत्तर शेंबड्या पोरालाही कळेल. पण फॅन लोकांनी आतलं उत्तर शोधायला वर्षानुवर्षं घालवली, दोन वेगळ्या जाती असतील, आजार असेल, काय न काय. १९९६ मध्ये डीप स्पेस नाईन या स्टार ट्रेकच्याच मालिकेच्या एका भागात सगळे काळाच्या मागे जुन्या यानावर जातात, सपाट कपाळाचे क्लिंगॉन बघतात आणि त्यांच्यातल्या वॉर्फ या क्लिंगॉनकडे वळून विचारतात, हे काय? तो म्हणतो, आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही. घरातली जुनी भानगड पाहुण्यांसमोर निघाल्यावर आपले काका जसं तोंड करतात तस्संच तोंड. २००५ ला एंटरप्राइझ या आणखी एका स्टार ट्रेक मालिकेत विषाणूचं कारण देऊन ते प्रकरण एकदाचं मिटवलं, पण मला विचाराल तर वॉर्फचं न बोलणंच जास्त भारी होतं.

तर नियम असा की थिअरी मांडताना बाहेरचं कारण तपासायचं, पण मांडायची आतली. लॉस्टमधला तो लहान मुलगा वॉल्ट, त्याच्यावर काय काय थिअऱ्या होत्या, आणि तो गोष्टीतून बाजूला गेला याचं मोठं कारण काय तर मालिकेतले दिवस शंभरेक आणि नट तीन वर्षांत ताडमाड वाढलेला! हे कळल्यावर मला जरा रिकामं रिकामं वाटलं होतं. बाहेरचं उत्तर बरोबर असतं, पण त्याने भूक भागत नाही.

याच कारणासाठी माझी आई आमच्या अख्ख्या ग्रुपपेक्षा चांगली थिअरीवाली आहे. तिने तीस वर्षं मराठी मालिका बघितल्यात, तिला कळतं की एखाद्या नटीची दुसऱ्या चॅनेलवर जाहिरात आली म्हणजे इथे तिचा अपघात होणार. तिचा एकच नियम आहे, कॅमेरा ज्याच्यावर विनाकारण थांबतो तो साधा नसतो. मोलकरणीला नाव दिलंय, म्हणजे तिला पुढे काम आहे. हा नियम मी डार्कला लावला, एक्स फाइल्सला लावला, सगळीकडे चालला. सेव्हरन्सचे दोन भाग तिला दाखवले तर म्हणाली, यात नवीन काय, तुझे बाबा तीस वर्षं ऑफिसातून घरी येऊन काय झालं विचारलं की काही नाही एवढंच सांगायचे, त्यांच्या डोक्यात कुठे चिप होती.

शास्त्राचं काय

फार नाही. पण थोडं लागतं. मालिका स्वतः जे नियम घालते ते ती पाळते का एवढंच बघायचं, आपल्या बारावीच्या फिजिक्सने तिला नापास करायचं नाही. स्टार ट्रेकने कधी अचूक असल्याचा आव आणला नाही, तिथे प्रकाशापेक्षा वेगात कसे जाता म्हणून भांडण्यात मजा नाही. द एक्स्पान्स या मालिकेने मात्र आव आणलाय आणि बराचसा निभावलाय. त्यातली यानं विमानासारखी आडवी नसतात, घोडबंदरचा एखादा पस्तीस मजली टॉवर उचलून त्याच्या बुडाला इंजिन लावलं तर कसं दिसेल, तशी असतात, मजल्यावर मजले. इंजिन ढकलतंय तोवर पायाखाली वजन जाणवतं, अर्ध्या वाटेत यान उलटं करून ब्रेक मारायचा, इंजिन बंद झालं की सगळे तरंगायला लागले. आणि बोलणं लगेच पोचत नाही. पृथ्वी-मंगळ अंतर बदलत असतं, त्याप्रमाणे निरोप जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, म्हणजे मंगळ लांब असताना मी ठाण्याला गाडीत बसून काय रे जेवलास का विचारलं तर उत्तर येईपर्यंत मी वाशीला उतरून चहा पिऊन झालेला असेन. एकदा हा नियम कळला की एखाद्या दृश्यात कोणी लगेच उत्तर दिलं तर तुमचे कान टवकारतात, आणि तिथून थिअरी निघते.

डार्कमध्ये माणसं ३३-३३ वर्षं मागेपुढे जातात, त्या चक्राबद्दल पण बरेच जण विचारतात. २०१९, १९८६, १९५३. हा आकडा हवेतून आणलेला नाही, चंद्राचं आणि सूर्याचं वर्ष साधारण ३३ वर्षांनी परत जुळतं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सरकत ३३ वर्षांनी परत त्याच ऋतूत येतो ना, तेच गणित. आपण अधिक महिना घालून हा घोळ दर तीनेक वर्षांनी मिटवतो म्हणून आपली दिवाळी पावसाळ्यात जात नाही, नाहीतर डार्कमधल्या विंडेन गावासारखं आपल्याकडे पण काहीतरी उघडलं असतं. डार्क बघताना वंशावळ काढायला घ्या, पेन्सिलने, पेनाने नको. स्पॉयलर न देता एवढंच सांगतो की मराठीत मावशी, आत्या, काकू, मामी, एवढे शब्द असूनही त्यातल्या एका नात्याला आपल्याकडे शब्द नाही.

मराठीत हे सगळं नवीन आहे असं पण समजू नका. ज्या १९६६ मध्ये स्टार ट्रेक आली त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद सुरू झाली, आणि १९७४ मध्ये तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी करून बघा. याला म्हणतात क्लू ठेवणं. आणि दूरदर्शनवर १९९८ मध्ये मिलिंद सोमणचा कॅप्टन व्योम होता. आज बघितलं तर हसू येतं, पण तेव्हा आम्ही आंघोळ न करता टीव्हीसमोर बसायचो.

भांडायचं कसं

चारचौघात थिअरी मांडायची तर आधी विचारायचं, कोण कुठपर्यंत पोचलंय. डब्यात मोठ्याने शेवट सांगायचा नाही, मी एकदा सांगितला होता आणि घणसोलीला एक अनोळखी बाई उतरता उतरता मला जे बोलून गेल्या ते इथे लिहिता येणार नाही. नवीन भाग आल्यावर आमच्यात एक आठवडा शांतता असते, रविवारी मिसळ खाताना तोंड उघडायचं.

आणि समोरच्याला एकच प्रश्न विचारायचा, काय दाखवलं तर तू चूक ठरशील? याला उत्तर नसेल तर ती थिअरी नाही. हे सगळं स्वप्न होतं, तो कोमात आहे, ते आधीच मेलेत, या तीन थिअऱ्या आमच्याकडे बंद आहेत, कारण त्या कुठल्याही मालिकेला लागतात, अगदी संध्याकाळी सातच्या मालिकेला पण.

उलट बाजूपण आहे. वेस्टवर्ल्डचा पहिला सीझन, २०१६, त्यातलं मोठं गुपित लोकांनी शेवटाच्या कितीतरी आधी फोडलं होतं. २०१८ मध्ये बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की आम्हीच सगळे स्पॉयलर देतो, आणि पंचवीसेक मिनिटांचा व्हिडिओ टाकला, त्यात गाणं म्हणून सगळ्यांना मामा बनवलं. हसलो, पण नंतरचे सीझन मला असे वाटले की आपल्यापासून लपवण्याच्या नादात गोष्टच कुठेतरी लपली. चौथ्यानंतर २०२२ मध्ये बंद केली. लोकांनी ओळखलं म्हणजे तुम्ही क्लू नीट ठेवले होते, त्यात लाज कसली? बॅबिलॉन ५ च्या वेळी तर एका फॅनने सहज मांडलेली कल्पना स्ट्रॅझिन्स्कीच्या ठरलेल्या भागाशी जुळली आणि उद्या चोरीचा आरोप नको म्हणून त्याच्याकडून लेखी परवानगी मिळेपर्यंत तो भागच मागे ठेवावा लागला. म्हणजे आपली बडबड कधी कधी पोचते बरं का, जपून.

आता वही दाखवल्याशिवाय सोडत नाही, सध्याची उघडी नोंद. सेव्हरन्स, तिसऱ्या सीझनसाठी, दुसरा बघितला नसेल तर इथेच थांबा. दिसलं : आयर्व्हिंग नावाच्या कर्मचाऱ्याचं घरचं रूप एकच चित्र परत परत काढतं, काळा कॉरिडॉर आणि खाली जाणारी लिफ्ट, जी त्याला माहीत असायचं काही कारण नाही. वाटतं : तो या कंपनीत आधी एकदा येऊन गेलाय, त्याला पुसून परत भरती केलंय. चूक कधी ठरेन : ही त्याची पहिलीच खेप होती असं पडद्यावर कोणी सांगितलं तर, किंवा ते चित्र त्याला बाहेरून कोणी पुरवलं असं निघालं तर. हवंय : तो आणि ऑफिसातला त्याचा लाडका बर्ट एकत्र राहावेत.

आईला सांगितलं तर तिने चष्मा वर करून विचारलं, शेवटी त्याला कुठे सोडला? म्हटलं ट्रेनमध्ये बसवून दिला, गेला तो. ती म्हणाली, चेहरा किती वेळ दाखवला? म्हटलं बराच वेळ. मग परत येतोय, लिही. तिच्या नावाने वेगळी ओळ लिहिलीये, तारखेसकट, पैज एक मामलेदारची मिसळ, तिची कमी तिखट.